परदेशात मुलांसोबत स्वयंसेवा: आनंद टिकवायचा कसा, श्रद्धा ठेवायची कुठे?

मोरपीस (धागाकर्ती)

परदेशात जाऊन तीन आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत मुलांसोबत काम करू पाहणाऱ्यांसाठी हा धागा आहे. शाळा, निर्वासित छावणीतलं खेळघर, इस्पितळातला मुलांचा विभाग, सुट्टीतलं शिबिर, काहीही चालेल. निघताना बहुतेकांच्या मनात दोन गोष्टी असतात. कामात आनंद मिळावा, आणि आपली जी काही श्रद्धा आहे ती या निमित्ताने आणखी खोल जावी. इच्छा चांगलीच आहे, पण ती पुरवण्याचं काम मुलांच्या गळ्यात पडलं की सगळं बिघडतं.

तेव्हा इथे कामाचं लिहा. कुठे जायचं, काय न्यायचं, तासाभरात काय करायचं, काय फसतं आणि का. प्रवासवर्णनं आणि "त्या चिमुकल्या डोळ्यांनी मला जगायला शिकवलं" छापाच्या लेखांना वेगळे धागे आहेत. ते तिकडे.

रानवारा

चांगला विषय. सुरुवात "कुठे जायचं" इथूनच करू, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं नियोजन वाया जातं.

थोडक्या दिवसांसाठी अनाथालयात जाऊ नका. हे कठोर वाटेल, पण त्यामागे कारण आहे. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. तिथल्या दर चार मुलांपैकी तिघांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात होते. नेपाळमध्येही बालगृहांतल्या ८५ टक्क्यांच्या आसपास मुलांना जिवंत पालक असल्याचं दिसून आलं, आणि बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचच जिल्ह्यांत होती. म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथे. गरज दुर्गम भागात आणि बालगृह विमानतळाजवळ, यातच सगळं आलं. पैसे भरून येणारे पाहुणे वाढले की त्यांना भेटवायला मुलं लागतात, आणि ती गावोगावच्या गरीब घरांतून "शिकवतो" असं सांगून आणली जातात.

ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात या प्रकाराची स्वतंत्र दखल घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेचे धोके नोंदवले.

दुसरं कारण मुलांच्या मनाचं. रुमानियात २००० साली सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात संस्थेत वाढणाऱ्या १३६ लहान मुलांचा अभ्यास झाला. त्यांच्यातल्या निम्म्यांना पालक कुटुंबांत (जन्मदात्यांऐवजी मूल सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत) ठेवलं. साधारण दोन वर्षांची होण्याआधी जी कुटुंबात गेली, त्यांची जवळिकीची घडण पुष्कळ सावरली. संस्थेत राहिलेल्या मुलांमध्ये अनोळखी माणसाला लगेच बिलगणं जास्त दिसलं. पाच मिनिटांत मांडीवर येऊन बसणारं मूल बघून आपल्याला भरून येतं. पण ज्या मुलाची माणसं घट्ट असतात ते अनोळखी माणसाला आधी लांबूनच न्याहाळतं, आईच्या मागे लपतं. म्हणून तुमच्या आनंदाचं माप "मुलं किती बिलगली" हे ठेवू नका.

संस्थेला ईमेलने विचारायचे प्रश्न: मुलं रात्री कुठे राहतात? स्वयंसेवक मुलांसोबत कधी एकटा असतो का? बालसुरक्षेचं लेखी धोरण पाठवाल का, आणि तक्रार कोणाकडे करायची? माझ्या जागी पगारी स्थानिक माणूस का नेमत नाही? मी गेल्यावर हे काम कोण पुढे नेणार? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं सर्वात बोलकी असतात. आणि पोलीस दाखला किंवा ओळखीच्या कोणाचं संदर्भपत्र न मागता "पैसे भरा, सोमवारी या" म्हणणारी संस्था असेल तर तिथेच थांबा. तुमची चौकशी केली नाही म्हणजे तुमच्या आधी आलेल्याचीही केलेली नाही.

शिंपला

रानवारा, मुद्दा पटला. पण ज्या मुलांना खरोखरच कोणी नाही त्यांचं काय? सगळ्यांनीच पाठ फिरवली तर ती आणखी एकटी पडणार.

रानवारा

पाठ फिरवायची नाही, मागच्या रांगेत उभं राहायचं. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन वर्षांखालच्या मुलांना कुटुंबासारख्या वातावरणातच ठेवावं. तिथे मुलाला भरवणारा, झोपवणारा माणूस रोज तोच हवा. तुम्ही त्या माणसाला मदत करा. स्वयंपाकघर, कपडे, नोंदवह्या, खेळण्यांची दुरुस्ती, संगणक, कर्मचाऱ्यांना नवे खेळ शिकवणं. मावशींचे दोन तास मोकळे झाले तर ते दोन तास मुलांना मिळतात. यात मांडीवर मूल नसतं आणि फोटोही येत नाही, म्हणून या कामाला माणसं मिळत नाहीत.

हिशोबनीस

कागदपत्रांचं मी लिहितो, रटाळ आहे पण लागतं.

व्हिसा: "पगार घेत नाही, मग पर्यटक व्हिसा चालेल" हा सर्वात मोठा गैरसमज. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर विनावेतन कामही चालत नाही. थायलंडमध्ये स्वयंसेवकालाही कामाचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलात तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, त्याहून जास्त असेल तर वेगळा व्हिसा. संस्था म्हणाली "सगळे असंच येतात", तरी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. दंड आणि परत पाठवणी तुमच्या नावावर होते, संस्थेच्या नाही.

पोलीस दाखला: राहत्या देशाचा तर हवाच, शिवाय आधी जिथे जिथे लांब मुक्काम झाला त्या देशांचाही मागितला जातो. त्यावर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) लागेल का ते आधीच विचारा. दोन्हीचे मिळून सहज दोन महिने धरा.

लसी: गोवराच्या दोन मात्रा झाल्यात का, हे सर्वात आधी तपासा. मुलांच्या गर्दीत गोवर वाऱ्यासारखा पसरतो, आणि तो घेऊन जाणारे तुम्ही असू शकता. दोन मात्रांत किमान चार आठवडे लागतात. पीतज्वराची लस प्रवासाआधी १० दिवस तरी घ्यावी लागते. तिचा दाखला जुलै २०१६ पासून आयुष्यभर चालतो. कुत्री, माकडं, वटवाघळं असलेल्या भागात रेबीजची आगाऊ लस, दिवस ० आणि दिवस ७. ही घेतली तरी चावा झाल्यावर साबण-पाण्याने १५ मिनिटं जखम धुऊन पुढच्या मात्रा घ्याव्याच लागतात, हे बरेच जण विसरतात. हिवतापाच्या गोळ्या परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात. डॉक्सिसायक्लिन असेल तर हिवतापाचा प्रदेश सोडल्यावर चार आठवडे, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. घरी आलो, बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.

विमा: "स्वयंसेवी काम" हे शब्द पॉलिसीत आहेत का ते बघा. नुसत्या पर्यटन विम्यात काम करताना झालेली इजा बसत नाही, असं बऱ्याचदा निघतं. आणि आणीबाणीत दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात धरलेला असावा.

गोष्टीवेल्हाळ

वाचनखूण साठवली. आता कोणीतरी प्रत्यक्ष मुलांसोबत काय करायचं ते सांगा. अर्ध्याअधिक लोकांचं तिथेच अडतं. पिशवीभर खेळणी नेतात आणि पहिल्या वीस मिनिटांत सगळं संपतं.

लगोरी

हे माझ्या आवडीचं. जरा लांबेल.

२० मुलं, वय ६ ते १२, वेळ ९० मिनिटं धरू. आधी माणसं मोजा. ब्रिटनमधली बालसुरक्षेची एनएसपीसीसी ही संस्था ४ ते ८ वयाच्या सहा मुलांमागे एक आणि ९ ते १२ च्या आठ मुलांमागे एक मोठा माणूस सुचवते. वयं मिसळलेली असली की लहानांचा हिशोब धरायचा, म्हणजे इथे चार जण. चारांतला एक स्थानिक भाषा बोलणारा हवाच. मुलं कमी आली तरी दोन मोठी माणसं असल्याशिवाय सत्र सुरू करायचं नाही.

पहिली १० मिनिटं रोज तेच गाणं, तोच गोल, प्रत्येकाचं नाव. कंटाळवाणं वाटतं ते आपल्याला. ज्या मुलांच्या आयुष्यात कशाचाच भरवसा राहिलेला नाही, त्यांना "आता हे गाणं, मग पळापळी" हे आधीच माहीत असणं म्हणजे पायाखाली जमीन असल्यासारखं. बदल करायची खुमखुमी पहिल्या आठवड्यात तरी आवरा. मग २० मिनिटं धावपळीचा खेळ, ५ मिनिटं पाणी, ३० मिनिटं बसून हातकाम, १५ मिनिटं गोष्ट, शेवटची १० मिनिटं आवराआवर आणि निरोपाचं गाणं. धावपळ आधी आणि गोष्ट नंतर, हा क्रम उलटा केला तर मुलं उधळलेली असतानाच घरी जातात आणि पालकांची बोलणी खावी लागतात.

सामान: ५ ते ६ मीटरची एक जाड दोरी, १५-१८ सेंटिमीटरचे दोन मऊ चेंडू, जाड खडू, बोथट टोकाच्या १० कात्र्या (दोघांत एक; वाटून घेणं हाही खेळाचाच भाग), मेणाचे रंग, ए-फोर कागद मुलामागे तीन आणि वर वीस, म्हणजे ८०. पॅराशूट कापड (सगळ्यांनी कडा धरून वरखाली करायचं मोठं गोल कापड) परवडत असेल तर ६ मीटर व्यासाचं घ्या. त्याचा घेर जवळपास १९ मीटर होतो, म्हणजे २० मुलांना प्रत्येकी मीटरला थोडी कमी जागा. बारापेक्षा कमी मुलं असतील तर ते मध्ये लोंबतं आणि मजा जाते. वाऱ्यात उघडू नका, आणि मुलाला वर बसवून उडवायचा मोह कितीही झाला तरी नाही.

काय फसतं? बाद होण्याचे खेळ. सर्वात आधी बाद होतं ते सर्वात हळू मूल, म्हणजे ज्याला खेळायची सर्वात जास्त गरज आहे तेच सर्वात जास्त वेळ बाहेर बसतं. बाद झालेल्याला दुसरं काम द्या, टाळ्यांनी ताल धरणं किंवा दोरी फिरवणं. बक्षिसं फसतात: पहिल्या दिवशी गोळी दिली की चौथ्या दिवशी गोळीसाठी मारामारी. फुगे तर नकोच. फुटलेल्या रबराने लहान मुलांचा श्वास अडकतो, आणि गोळीबार ऐकलेली मुलं फुगा फुटला की टेबलाखाली जातात. त्याच कारणाने शिट्टी नको, डोळ्यांवर पट्टी नको, अंधारात लपाछपी नको. लक्ष वेधायला डब्यात खडे घालून केलेला खुळखुळा किंवा ठरलेली टाळी पुरते. तीन वर्षांखालची भावंडं सोबत येणारच, तेव्हा ३ सेंटिमीटरपेक्षा लहान मणी, बटणं उघड्यावर ठेवू नका.

साबणाचे फुगे मात्र जरूर. एक लिटर पाण्याला १५० मिलिलिटर भांड्यांचा द्रव साबण आणि दोन-तीन मोठे चमचे ग्लिसरीन, हलक्या हाताने ढवळून रात्रभर ठेवायचं. फेस झाला तर फुगे धरत नाहीत, म्हणून घुसळायचं नाही. कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी ते जमत नाहीत. सकाळी लवकर किंवा पाऊस पडून गेल्यावर हवा ओलसर असताना छान होतात.

शिंपला

पिठाचा रंगीत गोळा करतात तो चालेल का? दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी. स्वस्त पडतो.

लगोरी

कृती बरोबर आहे, जागा बघून करा. ज्या मुलांच्या घरी रात्रीच्या जेवणाचा भरवसा नाही, त्यांच्यासमोर पीठ खेळायला देणं म्हणजे त्यांच्या आईला टोचण्यासारखं आहे. डाळी-तांदळाची चित्रंही त्यातच आली. नदीकाठची चिकणमाती चाळून घ्या. फुकट मिळते आणि वाळल्यावर टिकतेही.

पानगळ

भाषेचं काय करायचं? दुभाषी पूर्ण वेळ मिळत नाही.

गोष्टीवेल्हाळ

जाण्याआधी तिथल्या भाषेतले तीस शब्द पाठ करा: ये, बस, थांब, पाणी, दुखतंय का, छान, पुन्हा, तुझं नाव काय, माझं चुकलं. शेवटचा विसरू नका, रोज लागतो. मुलांची नावं आपल्या लिपीत लिहून घ्या आणि उच्चार त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. गुरुजींची चूक काढायला मिळाली की मुलं अशी खूश होतात की पहिला दिवस त्यावरच निघून जातो.

दुभाषी असेल तर दर वाक्याला थांबायचं आणि बघायचं मुलाकडे, दुभाष्याकडे नाही. पंधरा मिनिटांच्या वेळेत सात-आठ मिनिटांचीच गोष्ट बसते. शाब्दिक विनोद गाळा, पडण्या-धडपडण्याचे ठेवा. जपानी कामिशिबाई पद्धत फार सोयीची आहे. जाड पुठ्ठ्यावर १२ ते १६ चित्रं काढायची, पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पुठ्ठ्यामागे लिहायचा, कारण दाखवताना तोच सांगणाऱ्याच्या समोर असतो. मग पुठ्ठा सरकवत जायचं. मजकूर स्थानिक भाषेत लिहून घेतला की तुमची गरजच उरत नाही, मोठी मुलंच लहानांना सांगतात.

हावभाव जपून. थायलंड, लाओस, कंबोडियात कोणाच्या डोक्याला हात लावणं अपमानाचं, अगदी लाडाने लहान मुलाच्याही. पावलं कोणाकडे रोखून बसू नये. फिलिपिन्समध्ये बोट वर करून "ये" म्हणणं कुत्र्याला बोलावल्यासारखं. पोचल्यावर पहिल्याच दिवशी स्थानिक शिक्षकांना सरळ विचारा, इथे काय करू नये.

समई

धाग्याच्या शीर्षकातला दुसरा शब्द अजून कोणी घेतला नाही, म्हणून लिहिते.

आधी कुंपण कुठे आहे ते. १९८९ च्या बालहक्क संहितेचं कलम १४ मुलाला विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य देतं आणि त्यात पालकांचा मार्गदर्शनाचा हक्क मानतं. रेड क्रॉस आणि मदत संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत लिहिलंय की मदत कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी वापरू नये. थोडक्यात, वही-पेन्सिल हवी असेल तर प्रार्थनेला बसावं लागेल, असा सौदा कधीच नाही. तुमची संस्था एखाद्या धर्माची असेल तर तिने तसं उघड सांगावं आणि पालकांना ते आधीच माहीत असावं. मुलांना नकळत काही म्हणायला लावणं ही फसवणूक आहे, मग तुमचा भाव कितीही शुद्ध असो.

मग श्रद्धा ठेवायची कुठे? आपल्या दिवसाच्या दोन टोकांना. सकाळी न्याहारीच्या आधी वीस मिनिटं: जप, नमाज, ध्यान, बायबलवाचन, जे तुमचं असेल ते. संध्याकाळवर ठेवलं तर दुसऱ्या आठवड्यात ते सुटतं, कारण संध्याकाळी अंग गळून गेलेलं असतं. रात्री दहा मिनिटं दिवसाची उजळणी. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली पाच पायऱ्यांची रीत कुठल्याही धर्माच्या माणसाला वापरता येते: आभार, नीट दिसावं म्हणून मागणं, दिवस पुन्हा पाहणं, जिथे चुकलो ते कबूल करणं, उद्यासाठी एक ठरवणं. वहीत तीनच ओळी लिहा. आज एखाद्या मुलाने आपण होऊन काय केलं? काय बिघडलं? उद्या काय बदलणार? "मला काय वाटलं" हा रकाना मुद्दाम ठेवू नका. तीन आठवड्यांनी ती वही मागे वाचताना आनंद कुठून येत होता ते कळतं, आणि बहुतेक वेळा तो तुमच्या मोठ्या कार्यक्रमातून आलेला नसतो. कोणीतरी न सांगता कात्री दुसऱ्यापुढे धरली, तुम्हाला विसरून मुलं खेळात रमली, एखादं मूल पहिल्यांदा तुमच्यावर चिडलं. चिडणं हे भरवशाचं लक्षण आहे. घाबरलेलं मूल गोडच वागतं.

साधारण तिसऱ्या आठवड्यात कोरड येते. प्रार्थना नुसती ओठांवर राहते, मुलांचा आवाज नको होतो. लगेच "माझी श्रद्धाच खोटी" या निष्कर्षावर उडी नको. आधी झोप मोजा, पाणी मोजा, आठवड्यातला पूर्ण सुट्टीचा एक दिवस खरंच घेतलात का बघा. आपल्या माणसांत बसून भजन-प्रार्थना करायची सवय असलेल्यांना एकट्याने ते फार जड जातं. तिथल्या प्रार्थनास्थळी पाहुणे म्हणून मागे बसा, भाषा कळली नाही तरी. चित्रीकरण नको, आणि उठून जायची घाई नको.

तिरकीरेघ

समई, लिहिलंय छान, पण एक विचारतो. श्रद्धा मध्ये आणायचीच कशाला? नास्तिक माणूस हेच काम तितकंच चांगलं करू शकतो. "देवाने पाठवलं" म्हणणारे तिथल्या शिक्षकांना न विचारता निर्णय घेतात, हाही प्रकार सर्रास दिसतो.

समई

दोन्ही मान्य. देवाने पाठवलं असं ज्याला वाटतं त्याने मुख्याध्यापकांचं ऐकायला काय हरकत आहे, हा प्रश्न मलाही पडतो. नास्तिकालाही रात्रीची ती दहा मिनिटं लागतातच. मागणं आणि आभार वगळा, उरलेलं तसंच चालतं.

पण श्रद्धा टाळून भागत नाही, कारण मुलंच विचारतात. "माझा भाऊ मेला तेव्हा देव कुठे होता?" असा प्रश्न येतो, तोही रांगोळीत रंग भरता भरता. तेव्हा काय म्हणायचं नाही ते आधी ठरवून ठेवा. "देवाची इच्छा" नाही, कारण मग देव हा भावाला मारणारा ठरतो. "देवाला तो फार आवडला" नाही, कारण मग आवडतं होण्याचीच भीती. "तो झोपलाय" तर मुळीच नाही; लहान मुलं मग झोपायला घाबरतात. "मेला" हा साधा शब्द वापरा. "मला माहीत नाही. तुला त्याची खूप आठवण येते ना?" एवढं म्हणून गप्प बसा, हात कामात ठेवा. मग घरच्यांचा यावर काय विश्वास आहे ते स्थानिक शिक्षकांना विचारा आणि पुढचं त्यांच्यावर सोपवा. स्वतःचा राग रात्री आपल्या देवावर काढा. बायबलमधला ईयोब भांडला, आपल्याकडचे संत भांडले, तुम्हीही भांडा. पण ते भांडण मुलाच्या कानावर नको.

तिरकीरेघ

हे पटलं. "माहीत नाही" म्हणणारा आस्तिक क्वचित सापडतो.

हिशोबनीस

दोन सुरक्षेच्या गोष्टी राहिल्या.

मुलाने मारहाण किंवा अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर: ऐकायचं, चेहरा शांत ठेवायचा, "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. "बाबांनी मारलं का?" असं सुचवणारं विचारायचं नाही, "मग काय झालं?" एवढंच. त्याच दिवशी मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहायचं आणि संस्थेच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याकडे द्यायचं. स्वतः घरी जाऊन जाब विचारायचा नाही. तुम्ही निघून जाता, मूल त्याच घरात रात्र काढतं.

फोटो: पालकांची लेखी परवानगी, मुलाला वेगळं विचारणं, आणि "नको" म्हणाल्यावर विषय बंद. फोटोत शाळेचं नाव, गणवेशावरचं चिन्ह, ठिकाणाची खूण नसावी. फोनमधली ठिकाण नोंदवणारी सोय आधी बंद करा. निर्वासित मुलांचे चेहरे टाकूच नका. कोण कोणापासून पळून आलंय ते तुम्हाला सांगितलेलं नसतं. कसोटी साधी आहे: तुमच्या मुलाचा असा फोटो अनोळखी माणसाने जगाला दाखवला तर चालेल का?

पानगळ

जुलाबाच्या साथीत काय? शिबिरात हमखास होतात.

हिशोबनीस

पाकिटातली क्षारसंजीवनी (ओआरएस) सोबत ठेवा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. घोटघोट द्या. डोळे खोल गेले, मूल सुस्तावलं, लघवी थांबली किंवा शौचात रक्त दिसलं तर लगेच दवाखाना. आणि औषध मुलाला तुम्ही आपल्या मनाने देऊ नका, ते स्थानिक आरोग्यसेविकेचं काम.

मोरपीस

निरोपाबद्दल कोणी लिहाल का? सर्वात जास्त नुकसान तिथे होतं असं वाटतं.

लगोरी

हो. जायची तारीख पहिल्याच दिवशी सांगायची. शेवटचे दहा दिवस राहिले की कागदी पट्ट्यांची दहा कड्यांची साखळी भिंतीवर लावा, रोज एक कडी मुलांनीच तोडायची. लहानांना "पुढच्या शुक्रवारी" कळत नाही, उरलेल्या कड्या कळतात. शेवटच्या चार दिवसांत सत्र स्थानिक शिक्षकाने घ्यायचं, तुम्ही दोरी धरायची. गाणं, क्रम, सामान सगळं तेच राहतं, फक्त माणूस बदलतो.

"मी परत येईन" म्हणू नका, तिकीट काढलेलं असल्याशिवाय. एकाच मुलाला भेट नको. वर्गाला एक दोरी, एक चेंडू द्या. फोन नंबर आणि समाजमाध्यमांवरची मैत्री नको, पत्र पाठवायचं तर संस्थेमार्फत आणि सगळ्या वर्गाला. शेवटच्या दिवशी काही मुलं तुमच्याकडे बघतही नाहीत, काही आधल्या दिवशी मुद्दाम भांडण काढतात. निरोप घ्यायची ती त्यांची पद्धत, समजूत काढत बसू नका. तुम्हाला रडू येणारच, पण ते मुलांसमोर इतकं नको की त्यांनाच तुमचे डोळे पुसावे लागतील.

शिंपला

शेवटच्या दिवशी रात्री मोठा कार्यक्रम ठेवतात, नाच-गाणी, केक वगैरे. तो ठेवावा का?

लगोरी

ठेवा, पण आदल्या दिवशी दुपारी. रात्री उशिरापर्यंत जागलेली मुलं सकाळी आधीच रडवेली असतात. शेवटच्या दिवशी नेहमीचं ९० मिनिटांचं सत्र, तेच सुरुवातीचं गाणं आणि तीच आवराआवर. कात्र्या मोजून डब्यात. दहाच्या दहा आहेत का ते नव्या शिक्षकासोबत तपासा आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हातात द्या.